नऊ दिवसांचा पारा

“मामा, हा ओला पारा कोरड्याच्या वर कसा गेला हो?”

नव्या मॅडमनी जुनं रजिस्टर फिरवून मामांच्या पुढ्यात सरकवलं आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवलं. मामा खुर्च्या पुसत होते. दुपारी चारला सरांच्या निवृत्तीचा समारंभ होता आणि सकाळी सातपासून अख्खा हवामान विभाग धावत होता. धावत होता म्हणजे मामा धावत होते, बाकीचे सूचना देत होते.

मामा विभागाचे परिचर. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. विद्यार्थ्यांचे ते मामा, त्या विद्यार्थ्यांची पोरं शिकायला आली त्यांचेही मामाच. मॅडमना विभागात येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सरांच्या कारकिर्दीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, आणि माणूस कामाला इतका पक्का की एकेक आकडा स्वतः तपासत होत्या. मामांना त्यांच्या या गुणाची आज पहिल्यांदा भीती वाटली.

विभागाच्या मागे कुंपणात झडपांची एक पांढरी पेटी होती. आत दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले, एक उघडा आणि एकाच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी. ओल्याचा पारा नेहमी कोरड्याच्या खाली, फार तर बरोबरीला. वर कधीच नाही. अंगावर ओलं फडकं घेतलेला माणूस कोरड्या माणसापेक्षा जास्त तापला, असं कधी होतं का? पण बावीस वर्षांपूर्वीच्या त्या ओळीत कोरडा होता चोवीस पूर्णांक सहा आणि ओला तेहतीस पूर्णांक चार.

“आकडे उलट्या रकान्यात पडले असतील,” मामा फडकं झटकत म्हणाले. “लिहिणाऱ्याची चूक.”

“लिहिणारे सर आहेत, मामा! ही बघा सही. सरांच्या हातून अशी चूक?” मॅडमची नजर तारखेवर गेली आणि हात तोंडावर. “अगं बाई! हीच ना ती तारीख? सरांची मुलगी गेली ती?”

मामा नुसतं ‘हं’ म्हणाले.

“म्हणजे हात थरथरला असेल हो त्यांचा. पण आले! पोटची पोर गेली त्या दिवशीसुद्धा साडेआठच्या वाचनाला इथे आले.” मॅडमच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. “मानपत्रात मी ते वाक्य घातलंच आहे. आता वाचताना हेही सांगते. आकडे उलटे पडले, पण नोंद पडली. सरांच्या घरून वहिनीपण येणार आहेत ना? तुम्हीच जा गाडी घेऊन त्यांना आणायला.”

 मामांनी पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसायला घेतली.

आता खरं काय ते सांगून टाकतो. ती सही सरांची नव्हती, मामांची होती. त्या ओळीवरची आणि त्याच्या आधीच्या आठ ओळींवरचीही.

बावीस वर्षांपूर्वी सरांची दहा वर्षांची मुलगी दवाखान्यात दाखल झाली, तेव्हा ऐन उन्हाळा होता. दुसरे प्राध्यापक रजेवर गेलेले. सर पहिल्या दिवशी आले नाहीत तेव्हा साडेआठला मामा एकटेच पेटीपाशी उभे होते. डोळा पाऱ्याच्या पातळीला आणून कसं वाचायचं हे सरांनीच त्यांना हौसेने शिकवलं होतं. मामांनी वाचलं, रजिस्टरात लिहिलं, आणि सहीच्या रकान्यापाशी अडले. परिचराची सही चालत नव्हती. रकाना कोरा सोडावा, तर सर त्याच्या चार वर्षं आधी प्रमुख झाल्यापासून न तुटलेली नोंदींची साखळी तुटत होती. पोर बरी होऊन सर परत येतील तेव्हा त्यांना हे भोक दिसायला नको, एवढंच मामांच्या मनात आलं. सरांची सही म्हणजे दोन वळणं आणि एक ठिपका. मामांनी ती केली. नऊ दिवस केली.

नवव्या दिवशी साडेआठचे आकडे चिठ्ठीवर टिपून ते कचेरीत आले तर फोन वाजत होता. दवाखान्यातली नर्स होती. “साहेब निघाले का तिथून? मुलीचं काही खरं नाही, लवकर पाठवा.” सर कुठे आहेत हे मामांना ठाऊकच नव्हतं. पण सर घरच्यांना ‘विभागात जातो’ म्हणून सांगताहेत, एवढं त्या एका वाक्यात कळलं, आणि आपल्या माणसाला सांभाळून घ्यायची सवय अशी की तोंडातून निघून गेलं, “हो, निघालेत.” फोन ठेवून त्यांनी चिठ्ठीवरचे आकडे रजिस्टरात उतरवले. ते उलटे पडले हे त्यांना पुढे महिन्याभराने दिसलं. तोवर खाडाखोड करायची वेळ गेली होती.

दहाव्या दिवशी दुसरे प्राध्यापक रजेवरून परतले आणि पुढच्या नोंदी त्यांनी केल्या. सर पंधरा दिवसांनी कामावर आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, नऊ दिवसांची पानं उलटली, आपल्या नसलेल्या नऊ सह्या पाहिल्या. मामा दारात उभे होते. सरांनी काही विचारलं नाही, खाली त्या दिवसाची नोंद केली आणि रजिस्टर मिटलं.

गोष्ट तिथेच संपली असती तर बरं होतं. पण सहा वर्षांनी विभागाचा रौप्यमहोत्सव झाला आणि त्या वेळच्या कुलगुरूंना कुणीतरी रजिस्टर दाखवलं. भाषणात ते गहिवरून म्हणाले, “ज्या दिवशी यांची कन्या गेली, त्या दिवशीही साडेआठला हा माणूस आपल्या कामावर उभा होता!” टाळ्यांनी सभागृह दणाणलं. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. पाणी द्यायला गेलेल्या मामांनी त्यांचा चेहरा पाहिला. तोंडात मारल्यावर माणूस जसा क्षणभर बघत राहतो, तशा त्या सरांकडे बघत होत्या. सर टेबलाकडे. त्यानंतर सोळा वर्षांत वहिनींनी विभागाची पायरी चढली नव्हती.

मामांच्या खुर्च्या पुसून होतात तोच, साडेआठला दोन मिनिटं कमी असताना सर आले. आज त्यांचं शेवटचं वाचन. पेटीचं दार त्यांनी नेहमीसारखंच हळू उघडलं, श्वास पाऱ्यावर जाऊ नये म्हणून तोंड बाजूला वळवलं. मामा रजिस्टर धरून उभे राहिले. आकडे झाले, सही झाली.

“सर,” मामा म्हणाले, “ते मानपत्रातलं वाक्य काढायला सांगा.”

“कुठलं?”

“ठाऊक आहे तुम्हाला कुठलं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “मामा, झाकली मूठ आहे. एक दिवस राहिलाय. आता उघडून कुणाचं भलं होणार आहे?”

“वहिनी समोर बसणारेत.”

“ती सरावलीय आता.”

मामांना आयुष्यात पहिल्यांदा सरांचा राग आला. असल्या गोष्टीला कुणी सरावतं का? पण बावीस वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गप्प राहण्यावर बोलायला तोंड कुठे असतं! सर अतिथिगृहाकडे पाहुण्यांच्या भेटीला गेले. मामा पेटीचं दार नीट लागलंय की नाही ते दोनदा बघून आले.

दुपारी तीनला ते गाडी घेऊन सरांच्या घरी पोचले. ड्रायव्हर बाहेर थांबला. वहिनींनीच दार उघडलं. त्या तयार होऊन बसल्या होत्या, पण डोळ्यांवरून वाटत होतं की कुणी ‘नका येऊ’ म्हणालं तर तेवढंच हवं आहे.

“या मामा. पाणी देऊ? किती वेळ चालेल हो ते?”

“तासभर चालेल.”

“जायचं जिवावर आलंय माझ्या. पण नाही गेले तर लोक म्हणतील, सव्वीस वर्षं प्रमुख होता नवरा, आणि बायको निरोपालासुद्धा आली नाही.” त्या पर्स शोधू लागल्या. “पुन्हा तेच सांगणार असतील ना? पारा, आणि साडेआठ, आणि कर्तव्य?”

“हो,” मामा म्हणाले. “मानपत्रात आहे. पण ते खरं नाही वहिनी.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. नोकरीची दोन वर्षं उरली होती, खोट्या सहीचा बोभाटा झाला तर पेन्शनीचं काय होईल, हा विचार येताना गाडीत दहा वेळा करून झाला होता. आता तो आठवलाही नाही. एवढंच डोळ्यांपुढे होतं की या बाईला कळावं, तिचा नवरा पोरीला टाकून पारा बघायला आला नव्हता. एक काटा निघेल. तेवढं तरी आपल्या हातून व्हावं.

वहिनींचं पर्स शोधणं थांबलं.

“नऊच्या नऊ सह्या तुमच्या?”

“हो.”

“आणि नर्सने फोन केला तो?”

“मीच घेतला. म्हटलं, निघालेत.”

वहिनी खुर्चीवर बसल्या. “तिने येऊन सांगितलं मला. मी पोरीच्या कानाशी जाऊन म्हटलं, बाबा निघालेत गं, येतायत. शेवटचं तेच ऐकलं तिनं.”

मामा गरगरणाऱ्या पंख्याकडे बघू लागले. 

“पण आकडे आणायचे हो ते!” वहिनी एकदम म्हणाल्या. “रोज आठला जायचे, दहाला यायचे. ही डोळे उघडून विचारायची, बाबा, आज किती? त्या खोलीत उकाडा म्हणजे काय विचारू नका. हे सांगायचे, आज एकतीस. दुसऱ्या दिवशी साडेतीस. मग तीस. रोज अर्ध्याने कमी. ती हसायची. म्हणायची, उन्हाळा चाललाय ना बाबा? मी मनात म्हणायचे, माणूस जातो ते जातो, निदान पोरीसाठी आकडा तरी घेऊन येतो. तेवढ्यावर मी… तेवढ्यावर मी यांना धरून राहिले, मामा.”

मामा घुटमळले. इथे थांबले असते तर चाललं असतं. पण एकदा खरं बोलायला सुरुवात केली की माणसाला मधे थांबता येत नाही.

“वहिनी, त्या नऊ दिवसांत पारा चढत होता. एकतीसवर होता, तो शेवटी साडेतेहतीसला टेकला. त्या वर्षीचे सगळ्यांत गरम दिवस ते.”

“म्हणजे उकाडा कमी होत नव्हता?”

“नाही.”

“मला वाटायचं होतोय,” वहिनी म्हणाल्या. “मी एकदा तिचा पंखासुद्धा हळू करायला लावला होता.”

त्या आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मग मान वर करून म्हणाल्या, “तुमच्याकडे नव्हते, आमच्याकडे नव्हते. मग रोज दोन तास कुठे जात होते हे?”

“ठाऊक नाही.”

“विचारलं नाहीत कधी?”

“सर बोलले नाहीत. मी विचारलं नाही.”

“बावीस वर्षं?”

“बावीस वर्षं.”

“शाबास. मोठी शहाणी माणसं तुम्ही,” वहिनी म्हणाल्या.

मामांनी मान खाली घातली. काटा काढायला आलो आणि बाईला आगीतून उचलून फुफाट्यात टाकलं, असं त्यांना वाटलं. आजवर तिला नवऱ्याचा राग तरी करता येत होता. आता तेही धड उरलं नाही. त्या उठून आत गेल्या, तोंड धुतल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी दाराची किल्ली हातात घेतली.

“चला,” म्हणाल्या. “उशीर नको.”

सभागृहाच्या दाराशी सर पाहुण्यांबरोबर उभे होते. वहिनी सरळ त्यांच्यापाशी गेल्या आणि, वाण्याचा निरोप द्यावा तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, “मामांनी सांगितलं मला सगळं.” पुढचं ऐकायला त्या थांबल्या नाहीत. आत जाऊन पहिल्या रांगेत बसल्या आणि पर्स शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. सरांनी मामांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मामांना सोसला असता. सर फक्त एकदम म्हातारे दिसले.

समारंभ सुरू झाला. कुलगुरू वेळेवर आले होते, माइक मात्र वेळेवर चालेना, मग कुणीतरी त्यावर तीन थापा मारल्यावर चालला. मॅडमनी मानपत्र वाचायला घेतलं. आवाज चांगला होता त्यांचा. सव्वीस वर्षं विभागप्रमुख, एकोणीस विद्यार्थी संशोधनाच्या पदवीपर्यंत नेलेले, चार पुस्तकं, हजारो नोंदी. मग ते वाक्य आलं, त्याला जोडून उलट्या पडलेल्या आकड्यांची गोष्ट आली. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली. वहिनींचे हात मांडीवर होते. मामा त्यांच्या बरोबर मागच्या रांगेत कडेला बसले होते आणि त्यांनाही टाळी वाजवणं जमलं नाही.

काचेच्या चौकटीतलं मानपत्र सरांच्या हातात दिलं गेलं. ते सांभाळत सर माइकपाशी आले. खिशातून भाषणाचा कागद काढला, उघडला, पुन्हा घडी घालून ठेवला.

“मानपत्र फार सुंदर लिहिलंय,” सर म्हणाले. “त्यातलं एक वाक्य मला परत करायचंय.”

लोकांना वाटलं विनोद आहे. दोघंतिघं हसले.

“ते नऊ दिवस मी पेटीपाशी आलो नव्हतो. नोंदी खऱ्या आहेत, पण त्या मी घेतल्या नाहीत. आमच्या मामांनी घेतल्या. माझी अब्रू राखायला त्यांनी त्या माझ्या नावावर लिहिल्या आणि मी ते श्रेय बावीस वर्षं खाल्लं. दोष द्यायचा तर मला द्या. मॅडम, पुस्तकात त्या नऊ ओळींपुढे मामांचं नाव घाला. पूर्ण नाव.”

 मॅडमनी मान वळवून मामांकडे पाहिलं.

“मी कुठे होतो, तेही सांगतो. दवाखान्याच्या मागच्या जिन्यात बसत होतो. सकाळी आठला माझ्या मुलीच्या पाठीत सुई घालायचे. ती ओरडायची. मला ते ऐकवत नव्हतं. तिच्या आईला ऐकवत होतं असं नाही, पण ती हात धरून उभी राहायची. मी रीडिंगचं निमित्त सांगून पळून जायचो. पुढे लोक त्याला कर्तव्य म्हणाले. मी म्हणू दिलं. पळपुटा म्हणवून घेण्यापेक्षा ते सोपं होतं.” त्यांनी खाली पहिल्या रांगेकडे पाहिलं. “शेवटच्या दिवशीही मी जिन्यातच होतो. वर येऊन पोचलो तेव्हा दहा वाजले होते. ती नऊच्या आधीच गेली होती. एवढंच.”

ते माइकपासून बाजूला झाले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना, म्हणून कुणीच वाजवल्या नाहीत. सर आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. मानपत्र काखेत धरून ते मंचाच्या बाजूच्या पायऱ्या एकेक करत उतरले आणि पहिल्या रांगेपाशी येऊन उभे राहिले. सत्कारमूर्तीला मंचावर परत कसं बोलवायचं, हा प्रश्न घेऊन मॅडम कुलगुरूंच्या कानाशी वाकल्या.

वहिनी समोर बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. सर बसले.

कुलगुरू बोलायला उभे राहिले. मामांना समोरच्या दोन पाठी आणि दोन पांढरी डोकी दिसत होती. बऱ्याच वेळाने वहिनींनी मान न वळवता विचारलं, “त्या शेवटच्या दिवशी किती सांगणार होतात तिला?”

सरांना उत्तर शोधावं लागलं नाही.

“सत्तावीस,” ते म्हणाले.

वहिनींनी मान हलवली. सरांनी मानपत्र दोघांच्या मधे, काच खाली करून ठेवलं, आणि समारंभ संपेपर्यंत ती दोघं तशीच बसून राहिली.